'शाळेत लिनक्स म्हणजे पोरांचं वाटोळं' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

आठ दिवस झाले इकडं बेळगाव-खानापूरच्या पालकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरालाय. म्हणे शाळेत लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट पॅकेज) शिकवू नका, ते फुकटचं म्हणून कमी दर्जाचं, नोकरीत चालत नाही, त्यात मराठी येत नाही आणि बिघडलं तर दुरुस्तीला माणूस मिळत नाही. मला तिघांनी पाठवला, म्हणून एकदाच लिहितो.

फुकटचं? मग शाळेतल्या विंडोजचे पैसे कुणी भरलेत ते सांगा की! गावातलाच एखादा पोरगा येतो, पेनड्राईव्हवरनं क्रॅक मारून जातो आणि तेच पुढं पाच वर्षं चालतं, वर १४ ऑक्टोबर २०२५ पासनं विंडोज १० चे नेहमीचे अपडेट बंद झालेत आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, जे दान म्हणून आलेल्या जुन्या मशिनींत बहुतेक नसतंच. म्हणजे चांगली चालणारी मशीन भंगारात घालायची? केरळात सरकारी शाळांतली पोरं उबुंटूवर (लिनक्सचाच एक प्रकार) बेतलेली सिस्टीम वापरतात, दहावीची आयटीची परीक्षासुद्धा त्यावरच देतात. तिथल्या पोरांचं वाटोळं झालेलं काय मी ऐकलं नाही बाबा.

नोकरीचा मुद्दा थोडा खरा आहे. दुकानात, सोसायटीत हिशेबाला टॅली लागतं, उद्यमबागेतल्या कारखान्यांत ड्रॉइंगला कॅड लागतं, आणि ते विंडोजवरच शिकावं लागतं. खरं, ते कधी लागतं? दहावी-बारावीनंतर, क्लास लावून. सहावीतल्या पोराला फाईल कुठं सेव्ह झाली तेवढं सापडलं तरी पुष्कळ आहे. मी स्वतः ऑफिस २००३ चे मेनू पाठ केले होते, २००७ ला सगळं रिबनमध्ये (वरच्या बटणांच्या पट्टीत) गेलं आणि ते पाठांतर पाण्यात. कॅल्कमध्ये (लिब्रेऑफिसचं एक्सेलच ते) बेरजेचा फॉर्म्युला लिहिणारी पोरगी एक्सेलमध्ये तोच फॉर्म्युला लिहिणार, त्यात काय अडतंय. हां, वर्डची फाईल लिब्रेऑफिसमध्ये उघडली की कधीकधी टेबल हलतं, ते मान्य, पीडीएफ करून पाठवा.

आता मराठी. इथं मात्र मेसेज लिहिणाऱ्यानं हद्दच केली. डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रश्नपत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, नुसती चिन्हं दिसतात. लिनक्समध्ये युनिकोड मराठी असतं, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षरं तीच दिसतात, सोबत इनस्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय भाषांसाठीची कळांची मांडणी) येतो, आणि आपल्या भागाला त्याच्याएवढं कामाचं दुसरं काही नाही, कारण के ची कळ दाबली की मराठीत क आणि कन्नडमध्येही क-च, ळ पण दोन्हीकडं एकाच जागी. बोटं एकदा बसली की पोरगं दोन्ही भाषा टाइप करतंय. आपल्या पोरांना मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लागतात, मग एकाच सवयीत दोन भाषा सुटल्या तर वाईट काय? (इनस्क्रिप्ट विंडोजमध्येपण आहे, चालू कोण करतंय हा भाग वेगळा.) लिब्रेऑफिसचे मेनू मराठीत करता येतात, कन्नडमध्येही, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये दोन्ही भाषांतले व्हिडिओ फुकट आहेत. आमच्या गुरुजींनी तेच डाउनलोड करून ठेवलेत, नेट नसलं तरी तास होतो.

राहिली दुरुस्ती. खरंच, लिनक्स जाणणारा माणूस इकडं पटकन मिळत नाही. मी खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत सात मशिनींवर लिनक्स मिंट घालून दिलं. अर्धा दिवस गेला. आधी त्या लॅबमध्ये फोल्डर गायब होऊन नुसते शॉर्टकट दिसायचे, प्रत्येक पोराचा पेनड्राईव्ह तो व्हायरस घेऊन घरी जायचा, तो प्रकार बंद झाला. प्रिंटरचा ड्रायव्हर मात्र अजून सापडलेला नाही, त्यावरनं हेडमास्तर भेटतील तिथं मला बोलतात, आणि त्यांचं बरोबर आहे, मॉडेल आधी बघून घ्यायला पाहिजे होतं मी.