तीन बिलांत तीन फिल्टर, गाडीत मात्र दोन वर्षांपूर्वीचाच

रविवारची दुपार आहे. पडवीत वर्तमानपत्र अंथरून त्यावर माझ्या मोटारसायकलचा ऑइल फिल्टर ठेवलाय आणि रागाने माझा हात अजून थरथरतोय. फिल्टरच्या पत्र्याच्या चकतीवर कानशीने घासलेली एक बारीक खूण आहे. ती खूण माझी आहे. दोन वर्षांपूर्वी, मीटरवर 31,200 असताना, हा फिल्टर मी माझ्या हाताने बसवला होता. आज मीटरवर 50,900 आहेत. मधल्या काळात तालुक्याच्या एका गॅरेजात तीन सर्व्हिसिंग झाली आणि तिन्ही बिलं माझ्याकडे आहेत. प्रत्येकावर तेच लिहिलंय: ऑइल फिल्टर, 1 नग, 110 रुपये. फिल्टर बदलण्याची मजुरी, 60 रुपये.

तीन वेळा पैसे घेतले आणि फिल्टरचं झाकण एकदाही उघडलं नाही! मी आज 8 नंबरचा पाना लावला तेव्हा झाकणाच्या बोल्टांच्या खाचांत लाल माती घट्ट बसली होती, स्क्रू ड्रायव्हरने खरवडून काढावी लागली. दोन पावसाळ्यांची माती होती ती. बोल्टला कोणी पाना लावलाच नव्हता हे तिथेच कळलं. तरी वाटलं, असू दे, आधी आत बघू. आत माझीच खूण निघाली.

मी पाण्याचे पंप दुरुस्त करतो. गुहागर, शृंगारतळी, मार्गताम्हाने, रामपूर, कधी कधी पार चिपळूणपर्यंत. वाड्यावाड्यांत जावं लागतं, मागच्या कॅरिअरवर मोटर बांधलेली असते, आणि जांभ्याच्या सड्यावरून खाली वाडीत उतरणारे रस्ते कसे असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. जाताना पहिला गिअर, येताना पहिला गिअर. एप्रिल-मे महिन्यात धूळ इतकी की घरी येऊन शर्ट झटकला तर अंगण लाल होतं. माझं पोट या गाडीवर आहे. ती बंद पडली तर कोणाच्या तरी घरात प्यायला पाणी नसतं आणि माझ्या घरात त्या दिवशीची कमाई नसते.

आणि मी माझ्या धंद्यात काय करतो? पंप उघडला, बेअरिंग बदललं, की जुनं बेअरिंग मालकाच्या हातात ठेवतो. घरात एकटी म्हातारी असली तरी ठेवतो. "आज्ये, ह्ये बघ तुझ्या पंपाचं जुनं बेअरिंग, ह्येच खडखडत होतं." तिला त्यातलं काही कळत नाही हे मला ठाऊक असतं. तरीही ठेवतो, कारण पैसे तिचे आहेत आणि वस्तूही तिची आहे. मागच्या सर्व्हिसिंगला मी गॅरेजातल्या पोराला विचारलं होतं, "जुना फिल्टर कुठाय? दाखव जरा." तो म्हणाला, "टाकला भाऊ कचऱ्यात. घाण असते ती, काय करताय बघून?" मी ऐकून घेतलं. वरून घाई होती, मार्गताम्हान्याला एका घरी पंप बंद होता. तेव्हाच कचऱ्याचा डबा उपडा करायला हवा होता.

आता कोणी म्हणेल, एका कागदी फिल्टरसाठी एवढं डोकं कशाला तापवायचं, ऑइल तर नवीन टाकलं ना? हेच वाक्य मी चार गॅरेजांत ऐकलंय आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिनाला, क्लचला आणि गिअरबॉक्सला मिळून एकच ऑइल असतं. जुन्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटला गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं होतं, अ‍ॅक्टिव्हासारख्या स्कूटरला मागच्या चाकापाशी गिअर ऑइल वेगळं असतं, आणि होंडाच्या आफ्रिका ट्विनसारख्या मोठ्या गाडीत डीसीटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारा दोन क्लचचा गिअरबॉक्स घेतला तर क्लचच्या ऑइलसाठी फिल्टरही वेगळा येतो. आपल्या रोजच्या दीडशे सीसीच्या गाडीत असलं काही नाही. पिस्टनची काजळी, क्लच प्लेटांचा काळा भुगा, गिअरच्या दातांचा कीस, हे सगळं एकाच ऑइलमध्ये उतरतं आणि ते धरून ठेवायचं काम खालची जाळी आणि हा एक कागदी फिल्टर करतात. म्हणजे इंजिनाचा फिल्टर तोच आणि गिअरबॉक्सचा फिल्टरही तोच. तो नाही बदलला तर दोघांचं नुकसान.

फिल्टर भरत गेला की ऑइलची वाट अडते. इंजिन कोरडं पडू नये म्हणून बऱ्याच गाड्यांत बायपास व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की ऑइल फिल्टरला वळसा घालून थेट पुढे जातं. इंजिनाच्या दृष्टीने कोरडं चालण्यापेक्षा घाण ऑइल बरं, एवढाच त्याचा अर्थ. पण चालवणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. गाडी सुरू होते, पळते, आवाजही ठीक वाटतो. आत मात्र तो सगळा कीस बेअरिंगांमधून फिरत राहतो. नवीन ऑइल ओतलं तरी दोन दिवसांत काळं, कारण जुन्या फिल्टरमधली सगळी घाण त्यातच.

माझ्या गाडीला सहा महिन्यांपासून न्यूट्रल सापडत नव्हता. सिग्नलला उभं राहून पाय मारत बसायचं. मग रामपूरच्या चढाला रेस वाढायची पण गाडी ओढायची नाही. गॅरेजात सांगितलं तर त्यांनी क्लचची वायर ताणून दिली. ऑइल कोणतं टाकता विचारलं तर बॅरलकडे बोट. त्या बॅरलवर गाडीची कंपनी नाही, ग्रेड नाही, काही नाही. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून बाटलीवर जासो एमए किंवा एमए2, म्हणजे असल्या ओल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण, लिहिलेलं बघून घ्यावं लागतं. कारसाठीच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने प्लेटा घसरतात. हे गॅरेजवाल्याला मी सांगायचं? तो रोज वीस गाड्या करतो!

आज फिल्टर काढल्यावर ब्लेडने कागद कापून घडी उलगडली. हे प्रत्येकाने एकदा तरी करून बघावं. रुपेरी झाक असलेलं पातळ लोण्यासारखं काही लागलं तर घाबरायचं कारण नाही, एवढी झीज चालणाऱ्या इंजिनात होतेच. पहिल्या सर्व्हिसिंगला तर जास्तच दिसते. माझ्या फिल्टरमध्ये काय होतं ते सांगतो. घड्यांत डांबरासारखा काळा गाळ. त्यात क्लच प्लेटचे बारीक तंतू. कागद एका बाजूने चकतीपासून सुटलेला, म्हणजे ऑइल त्या फटीतून न गाळताच जात होतं. रबर दगडासारखं कडक. आणि गाळ बोटाने पसरला तेव्हा चार-पाच चमकणारे कपचे दिसले, तांदळाच्या कणीएवढे. कपाटाच्या दाराचं लोहचुंबक काढून आणलं. तीन कपचे टपकन चिकटले. अ‍ॅल्युमिनिअम चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं ते पोलाद. गिअरचा दात असणार, दुसरं काय!

बायको म्हणाली, "अहो, जेवून घ्या आधी." घास उतरत नाही मला.

चिपळूणचा 22 जुलै 2021 चा पूर मी जवळून पाहिलाय. वाशिष्ठीचं पाणी घरांत, दुकानांत, सगळीकडे. पाणी उतरल्यावर मी चिखलातून पंप काढत होतो आणि शेजारीच एक म्हातारे मेकॅनिक बुडालेल्या मोटारसायकली उघडत होते. लोक किक मारायला धावायचे, ते ओरडायचे, "हात लावू नकोस, आधी ऑइल काढू दे!" ड्रेन नट सोडला की दुधाच्या चहासारखं ऑइल बाहेर यायचं, पाणी मिसळलेलं. त्यांनी मला एक फिल्टर दाबून दाखवला होता, कागद फुगून लगदा झालेला, पिळला तसं पाणी गळलं. ते म्हणाले, "ऑइल बदललं आणि ह्यो तसाच ठेवला तर पाणी परत आतच." प्रत्येक गाडीला ते नवीन ऑइल टाकून थोडा वेळ इंजिन चालवायचे, पुन्हा ते ऑइल आणि फिल्टर दोन्ही काढायचे, मग तिसऱ्यांदा भरायचे. त्यांचं स्वतःचं घर चिखलात होतं. तरी जुना फिल्टर प्रत्येक मालकाला दाखवत होते. हे पाहिल्यावर मी त्या तीन बिलांना काय म्हणू?

आणि गॅरेजमधलं जुनं ऑइल कुठे जातं? मागच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात. मी डोळ्यांनी पाहिलंय. पावसाळ्यात तो पऱ्या खाली विहिरीशेजारून वाहतो, आणि त्या विहिरीवरचा पंप मीच बसवलाय. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांत घातक कचऱ्यात येतं. घरी चार खांबांना वाळवी लागू नये म्हणून थोडं लावतात ते मी समजू शकतो. पण घमेलं उचलून सरळ पाण्यात? तिथे उभं राहून सांगितलं तर म्हणे, "सगळेच टाकतात भाऊ."

सगळेच टाकतात, सगळेच तसंच करतात. ड्रेन नटचा वायसर तोच परत लावतात, मग ऑइल झिरपतं, मग पान्याला पाइप घालून नट आवळतात, आणि इंजिनाच्या अ‍ॅल्युमिनिअमच्या खोक्यातले आटे जातात. पुढच्या वेळी गिऱ्हाइकाला सांगतात, आटे गेलेत, खर्च येईल. फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, जुनीच. फिल्टरची उघडी बाजू कुठल्या बाजूला आणि स्प्रिंग कुठे हे न बघता दाबून बसवतात, उलटा बसला तर ऑइलची वाट बंद. स्प्लेंडर घेऊन येणाऱ्यालासुद्धा बिलात फिल्टर लावलेला मी पाहिलाय. साध्या स्प्लेंडरला कागदी फिल्टर नसतोच! तिथे जाळी असते आणि क्लचच्या झाकणाआड फिरून गाळ धरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर असतो, तो उघडून पुसायचा असतो. तो उघडायला वेळ लागतो म्हणून वर्षानुवर्षं कोणी उघडत नाही. आत केकसारखा घट्ट गाळ बसलेला असतो.

गणपतीला मुंबईहून गाडीवर येणारी पोरं तर यांच्या हातात आयतीच सापडतात. परशुराम घाट चढून-उतरून आलेली गाडी, दोन दिवसांनी परत जायचंय, विचारायला वेळ नाही. लिहा बिलात काहीही.

मी काय जास्त मागतोय? गाडी थोडी गरम करून ऑइल पूर्ण निथळू द्या. जाळी काढून धुवा. नवीन फिल्टर, नवीन ओ-रिंग, नवीन वायसर. गाडी सरळ उभी करून काडीवर लेव्हल बघा. जुना फिल्टर माझ्या हातात द्या. वीस मिनिटं जास्त लागतील. ती लागू देत, त्याचे पैसे मी देतोच आहे!

आज मी ते सगळं स्वतः केलं. नवा फिल्टर बसवला, नवीन ऑइल भरलं, मोडकाआगरपर्यंत एक फेरी मारली. न्यूट्रल आता लागतो, थोडा कडक, पण लागतो. दुसऱ्या गिअरला मात्र टक् टक् असा आवाज आहे. तो मी कालपर्यंत चेनचा समजत होतो.

जुना फिल्टर, चुंबकाला चिकटलेले तीन कपचे आणि तिन्ही बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलीत. उद्या सकाळी तिथे जातो. फिल्टरचे 330 आणि मजुरीचे 180, एकूण 510 रुपये परत हवेत, आणि हे सगळं बाकीच्या गिऱ्हाइकांसमोर टेबलावर ठेवणार आहे, म्हणजे त्यांनाही आपापली झाकणं उघडून बघावीशी वाटतील. नाही म्हणाले तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर लिहून घेतलाय. दुसऱ्या गिअरसाठी इंजिन खोलावंच लागेल, आणि ते पावसाच्या तोंडावर, जेव्हा सगळ्या वाड्यांतून पंपासाठी फोन येत असतात. तो खर्च कोण देणार हे मी त्यांना सगळ्यांसमोर विचारणार आहे.