३०८एल सगळीकडे नाही चालत

स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगवरच्या लेखात ३०४ अन् ३१६ हे स्टेनलेसचे दोन प्रकार जोडायला सरसकट ३०८एल फिलर (जोडात वितळवून भरायची तार) सांगितलाय. रेलिंगला ठीक आहे, खारट पाण्याच्या पाइपला नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, खारट पाण्यात गंजून खड्डे पडण्यापासून तोच धातू वाचवतो; ३०८एलमध्ये जवळपास नसतंच. तसं ३०४ ची बाजूही तिथं कच्चीच, पण निदान वेल्डची शिवण तिच्याआधी खड्डे धरायला नको. ३१६एल फिलर घ्या.

इकडे नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत तर काही जण ३०४ ला माइल्ड स्टीलचा (साध्या लोखंडाचा) ब्रॅकेटही ३०८ नंच मारून राहिले, भाऊ! लोखंड मिसळून क्रोमियम-निकेलचं प्रमाण उतरतं, जोड कडक होतो, तडकू शकतो. त्याला ३०९एल फिलर लागतो. महाग आहे, मान्य.

अन् वेल्ड करताना शिवणीला आतून हवा लागू नये म्हणून पाइपच्या आतून आर्गॉन वायू सोडायचं लेखात कुठंच नाही, ते का?