शुक्रवारचे स्क्वॅट आणि रविवारचा लाँग रन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचा राग रास्त आहे. 'लांब पळणाऱ्यांनी वजनं उचलावीत' या माझ्या लेखावर भरवसा ठेवून तुम्ही साताऱ्याच्या हिल हाफसाठी, म्हणजे घाटातल्या २१ किलोमीटरच्या शर्यतीसाठी, जिम सुरू केली. सहा आठवड्यांत पाय दगडासारखे जड झाले आणि लागोपाठ दोन रविवारी लाँग रन (आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं) अर्धवट सोडावा लागला. तुम्ही पुढे लिहिलंय की लहानपणी तालमीत रोज ५०० बैठका मारल्यात, मग पायांना आणखी ताकद कशाला? केनियाचे धावपटू कुठे वजनं उचलतात? आणि वजनं नि पळणं एकत्र केलं की एकाचा दुसऱ्याला फटका बसतो हे संशोधनानंच दाखवलंय.

आधी माझी चूक सांगते. वजनं का उचलावीत यावर मी पानभर लिहिलं आणि ती आठवड्यात कधी, किती उचलावीत यावर जेमतेम चार ओळी. तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी १२-१२चे चार सेट स्क्वॅट (खांद्यावर वजन घेऊन बैठका), त्यावर लंजेस (एक पाय पुढे टाकून खाली वाकणं) करत होतात आणि रविवारी पहाटे १८ किलोमीटरला निघत होतात. सवय नसलेल्या व्यायामानं आलेलं दुखणं साधारण एक ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त असतं. म्हणजे मांड्या ऐन ठणकत असताना तुम्ही बुटाच्या नाड्या बांधत होतात. त्या पायांनी कुणालाही रन पुरा झाला नसता.

आता संशोधनाचं. तुम्ही म्हणताय तो प्रयोग रॉबर्ट हिक्सनचा, १९८०चा. हा माणूस स्वतः वजनं उचलणारा होता, पळायला लागल्यावर आपली ताकद घटतेय असं त्याला जाणवलं आणि त्यातून हा प्रयोग झाला. त्यात दोन्ही करणाऱ्या गटाला १० आठवडे, आठवड्यातून पाच दिवस वजनं आणि सहा दिवस दमसासाचा व्यायाम होता. सातव्या आठवड्यापर्यंत त्यांची ताकद वाढली, मग थांबली आणि शेवटी उतरली. पण त्यांचा दमसास नुसता दमसासाचा व्यायाम करणाऱ्यांइतकाच वाढला. फटका बसला तो ताकदीला. ही काळजी पैलवानानं करावी, तुम्हा-आम्हाला त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

पळणाऱ्यांच्या बाजूनं बघायचं तर २००८चा नॉर्वेतला प्रयोग बघा. चांगल्या सरावातल्या धावपटूंनी आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा हाफ स्क्वॅटचे (अर्ध्यापर्यंतच खाली जायचे) चार सेट केले. प्रत्येक सेटमध्ये फक्त चार रेप्स, म्हणजे चारदाच खाली-वर, पण वजन असं की पाचवा रेप निघू नये. ठरावीक वेगानं पळायला लागणारा ऑक्सिजन पाच टक्क्यांनी कमी झाला आणि शरीराचं वजन वाढलं नाही. 'अंग भरेल आणि ते वजन घाटात वाहावं लागेल' या तुमच्या भीतीला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

बैठकांबद्दल मला मनापासून आदर आहे. माझे वडील साठीपर्यंत बैठका मारायचे. पण ५०० बैठका हा दमसासाचाच व्यायाम झाला. पायांची चिकाटी त्यातून येते आणि ती तुम्हाला पळण्यातूनही रोज मिळतेच आहे. पाच रेप्सच्या जड सेटमध्ये शरीर एका क्षणात जास्तीत जास्त स्नायुतंतू कामाला लावायला शिकतं. ते पळण्यातून फारसं मिळत नाही, बैठकांतूनही नाही. शिवाय तुम्ही ५४ वर्षांचे आहात. या वयात जोर लावणारे तंतू आधी झिजतात. केनियाच्या पंचविशीतल्या मुलाला वजनांवाचून चालत असेल, आपल्याला चालवून घेता येणार नाही.

आता घाट. शर्यतीतली यवतेश्वर घाटाची चढण सगळे धरून बसतात, पण माझा पहिला हिल हाफ मोडला तो परतीच्या उतारावर. रस्ता ओला होता. चौदाव्या किलोमीटरनंतर पाय टेकला की गुडघ्याच्या वरचा स्नायू थरथरायचा, टाच धप्पकन आपटायची, आणि दम शाबूत असून मी चालत होते. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकचं काम करतो आणि त्याची सर्वाधिक मोडतोड अशा वेळीच होते. दुसऱ्या दिवशी कठडा धरून घरचा जिना उलटा उतरले. पुढच्या वर्षी स्क्वॅटमध्ये खाली जाताना तीनपर्यंत मोजायचं, एवढा एकच बदल मनावर घेतला आणि महिन्यातून दोनदा मुद्दाम उतारावर पळाले. त्या वर्षी तोच उतार मी न थांबता पळत उतरले.

तेव्हा वजनं सोडू नका, त्यांचा वार बदला. वेगाचा सराव मंगळवारी सकाळी करता ना, मग पायांची जड वजनं त्याच संध्याकाळी उचला. मध्ये सहा-आठ तास आणि दोन वेळचं नीट जेवण हवं. कठीण दिवस एकदाच पुरता कठीण होऊ द्या, म्हणजे बुधवार खरोखर हलका जातो. दुसरं सत्र गुरुवारी, त्याहून कमी. शुक्रवारी पायांच्या वजनांना हात लावायचा नाही. मंगळवारी तीन सेट, प्रत्येकी पाच रेप्स, आणि अजून दोन निघाले असते असं वाटत असतानाच बार खाली ठेवायचा. घामाघूम होऊन घरी आलात तर चुकलंय असं समजा. जड वजनांचं शेवटचं सत्र शर्यतीच्या १० दिवस आधी.

पोटऱ्यांकडे मात्र तुमचं अजिबात लक्ष दिसत नाही. त्यासाठी जिमही नको. मी जिन्याच्या पायरीवर एका पायाचा चवडा टेकवून उभी राहते, पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पाच किलोची पिशवी, टाच सावकाश खाली, मग वर. गुडघा किंचित वाकवून केलं की आतला सोलियस स्नायू कामाला लागतो. सलग पळताना सगळ्यात जास्त भार त्याच्यावर येतो. एका पायावर असे २० होत नसतील तर घाटाच्या आधी हेच काम हातात घ्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत म्हणून विचारते: दुखणं दोन्ही मांड्यांत सारखं आहे की एकाच गुडघ्याच्या एका बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं? दुसऱ्या प्रकारचं असेल तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवा आणि आधी फिजिओथेरपिस्टला दाखवा. पहिल्या प्रकारचं असेल तर हा आठवडा वजनं पूर्ण बंद ठेवा, रविवारी १२ किलोमीटर आरामात पळा आणि पाय कसे होते ते इथेच लिहा. मंगळवारच्या पहिल्या सत्रात किती वजन घ्यायचं ते त्यावरून ठरवू.