पोरीला बोलू तर द्या!

आज दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहूनच टाकतो.

आमच्या तालुक्यात एका शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. आठवीतली पोरगी वादळावर बोलत होती. "घड कापनीवर आले होते, रातच्याले वारं सुटलं आन् सगळी केयी आडवी झाली..." सगळे कान देऊन ऐकत होते. तेवढ्यात परीक्षकांनी तिला थांबवलं आणि पंडिती थाटात सुरू झाले. केयी नव्हे केळी, कापनी नव्हे कापणी, ण आणि ळ हे मूर्धन्य वर्ण, जीभ टाळूला अशी लावायची. पोरगी मान खाली घालून उभी. बागेचं पुढं काय झालं, हे एकानंही विचारलं नाही.

अरे, आपण जळगाव जिल्ह्यात राहतो ना? असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलानं, सोपानदेवांनी, ऐकल्या, उतरवून घेतल्या. १९५२ साली त्या छापल्या, तेव्हाही बोली तशीच राहिली. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या काळी हे परीक्षक तिथं असते तर पहिल्याच ओवीला "थांबा आजी" म्हणाले असते!

आणि कोणत्या शुद्धतेचा एवढा तोरा? आमचे आजोबा पत्रात 'नांव', 'कांहीं' लिहायचे, तेव्हा तेच शुद्ध होतं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते अनुस्वार गेले. म्हणजे आजोबा अडाणी होते का?

पेपरात, अर्जात प्रमाण मराठी लागते. बरं, मान्य. शिकवा की, पण वर्गात शिकवा. भर सभेत, पोरीच्या बापासमोर नाही. बाप मागच्या रांगेत बसला होता. त्याचीच बाग पडली होती हो!

खरा जाणकार असता तर भाषण संपल्यावर विचारलं असतं, "पोरी, तुमच्याकडं आणखी काय काय म्हणतात?" आणि वहीत टिपून घेतलं असतं.

आता लिहिता लिहिता वाटतंय, हे गृहस्थही आपल्याच मातीतले. शिकायला पुण्याला गेले असतील, तिथं कुणी 'पानी'वर हसलं असेल, तेव्हापासून जीभ सांभाळत जगत असतील. त्याचं वाईट वाटतं, खरंच. पण तोच घाव त्या पोरीला कशाला?

गॅदरिंगचे दिवस येताहेत. आयोजकांनो, परीक्षकांना आधीच सांगून ठेवा. बोली लेवा असो, तावडी असो, अहिराणी असो, पोरांना मधे थांबवायचं नाही. गुण कापायचे तर कागदावर कापा.