धपाट्याने मूल थांबते, पण शिकते का?

लहान मुलांना सौम्यपणे शिस्त लावण्याचा विषय निघाला की एक ठरावीक मजकूर हमखास पुढे सरकवला जातो. त्यातले शब्द बदलतात, गाभा मात्र तोच राहतो. आम्ही मार खाऊन वाढलो आणि आमचे काही बिघडले नाही. दोन-तीन वर्षांच्या मुलाला बोलून काही कळत नाही, त्याला धाकच कळतो. हल्लीच्या आईवडिलांनी ‘नाही’ म्हणायचे सोडले म्हणून मुले बेताल झाली. आणि पुढे जग काही त्यांच्याशी गोड बोलणार नाही, तेव्हा घरातच त्यांना कणखर केलेले बरे. हे लिहिणारे आणि पसरवणारे बहुतेक जण मुलांचे भले चिंतणारेच असतात, त्यामुळे त्यांची टर उडवण्यापेक्षा एकेक विधान तपासून पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

पहिले विधान स्वानुभवाचे आहे आणि म्हणूनच ते खोडून काढणे अवघड वाटते. परंतु ज्याला लहानपणी मार बसला त्याला त्याच घरात मायाही मिळाली असेल, आजारपणात कोणी उशाशी बसले असेल, त्याच्या चुका कोणी समजावून सांगितल्या असतील. मोठेपणी तो माणूस भला निघाला, तर त्याचे श्रेय या सगळ्यातून नेमके धपाट्यालाच का द्यायचे, याचे उत्तर त्या मजकुरात नसते. एका आयुष्यावरून हा हिशोब सुटत नाही. त्यासाठी पुष्कळ मुलांची तुलना करावी लागते आणि ती झालेली आहे. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये 75 अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले, ज्यात सुमारे 1 लाख 60 हजार मुलांची माहिती होती. उघड्या हाताने मारलेल्या चापटीचा संबंध त्यांनी 17 वेगवेगळ्या बाबींशी ताडून पाहिला; त्यांपैकी 13 बाबतींत तो स्पष्टपणे प्रतिकूल निघाला आणि लाभाच्या बाजूने काहीच हाती लागले नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. मुळात दांडगट मुलांनाच जास्त मार बसतो, मग मारामुळे मूल बिघडले की मूल तसे होते म्हणून मार बसला, हे कसे ठरवायचे? या शंकेला उत्तर देण्यासाठी मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेणारे अभ्यास उपयोगी पडतात, कारण त्यांत मुलाचे आधीचे वर्तन हिशोबात धरता येते. 2021 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा 69 अभ्यासांचा आढावा आला. शारीरिक शिक्षेनंतर मुलांचा त्रासदायकपणा कमी होत नाही, उलट काळानुसार वाढत जातो, असाच त्याचा एकंदर कल होता. परिणामाचा आकार लहान असतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. एका चापटीने कोणाचे आयुष्य उद्ध्वस्त होते असा दावा येथे नाही. मात्र ज्या उपायाचा फायदा दिसत नाही आणि थोडा का होईना तोटा दिसतो, तो उपाय चालू ठेवण्याचे समर्थन ‘आमचे काही बिघडले नाही’ एवढ्यावर उभे राहू शकत नाही.

दुसरे विधान, म्हणजे मुलाला धाकच कळतो हे, सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. धाकाने मूल त्या क्षणी थांबते, यात शंका नाही. प्रश्न असा की धाक घालणारा माणूस खोलीबाहेर गेल्यावर काय होते. जोनाथन फ्रीडमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1965 मध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलग्यांवर केलेला एक प्रयोग येथे आठवण्याजोगा आहे. मुलांसमोर काही खेळणी ठेवली होती आणि त्यांत एक आकर्षक यंत्रमानव होता. त्याला हात लावायचा नाही, असे सर्वांना सांगितले गेले. काहींना कडक धमकी देऊन, तर काहींना ते बरोबर नाही एवढेच सौम्यपणे सांगून. त्या वेळी दोन्ही गटांतील जवळजवळ सगळ्याच मुलांनी ऐकले. काही आठवड्यांनी वेगळ्याच व्यक्तीने, वेगळ्याच निमित्ताने त्यांना पुन्हा त्या खेळण्यांपाशी नेले आणि या वेळी कसलीच बंदी घातली नाही. कडक धमकी मिळालेल्यांपैकी निदान दोन तृतीयांश मुले त्या यंत्रमानवाशी खेळू लागली. सौम्य शब्दांत सांगितलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांशच खेळली. धमकीच्या गटातील मुलांकडे हात आवरण्याचे एकच कारण होते आणि ते कारण खोलीतून निघून गेले होते. दुसऱ्या गटातील मुलांना पुरेसे बाहेरचे कारण मिळालेच नव्हते, त्यामुळे ते त्यांनी स्वतःच्या मनात शोधले, असा फ्रीडमन यांच्या निष्कर्षाचा अर्थ लावला जातो.

ही मुले शाळकरी होती. दोन वर्षांच्या मुलाचे काय, असे कोणी विचारील. त्या वयाची अडचण निराळी आहे. अलेक्झांडर लुरिया या रशियन शास्त्रज्ञाने अगदी लहान मुलांच्या हातात रबरी फुगा देऊन ‘दाब’ आणि ‘दाबू नकोस’ अशा सूचना दिल्या, तेव्हा असे दिसले की सूचनेने कृती सुरू करणे त्यांना जमते, पण सूचनेने चालू कृती थांबवणे फार कठीण जाते. आवर घालण्याचे काम करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो, तेव्हा दुसऱ्या वर्षी तो किती तयार असणार! म्हणून ‘पळू नकोस’ यापेक्षा ‘माझा हात धरून चाल’ ही सूचना त्याला पाळता येण्यासारखी असते, आणि दुसऱ्या खोलीतून चारदा ओरडण्यापेक्षा जवळ जाऊन, त्याच्या उंचीला वाकून, एकदाच सांगितलेले अधिक पोचते. मूल ऐकत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला ऐकणे अजून जमत नसते. न जमणाऱ्या गोष्टीसाठी शिक्षा केल्याने ती जमू लागत नाही.

भर रस्त्यात धावणाऱ्या मुलाला रट्टा द्यायलाच हवा, हे उदाहरण येथे नेहमी पुढे केले जाते. वाहनाचा वेग आणि अंतर यांचा अंदाज त्या वयात येत नाही, मार खाल्ला तरी येत नाही. रस्त्याजवळ हात घट्ट धरणे, दार बंद ठेवणे, ओढाताण केली तर उचलून घेणे ही मोठ्यांची कामे आहेत. आठवण राहील म्हणून मारलेल्या रट्ट्यावर विसंबून हात सैल सोडणे हेच खरे तर धोक्याचे आहे.

तिसरे विधान सौम्यपणा आणि मोकाट सोडणे यांची गल्लत करते. ही गल्लत टीकाकारांनी हवेतून काढलेली नाही, हे मान्य केले पाहिजे. मुलाने दुसऱ्याला चावले तरी त्याच्या भावनांवर दहा मिनिटे प्रवचन देणारे आणि शेवटी काहीच न करणारे पालक आहेत, आणि ते स्वतःला सौम्य म्हणवतात. परंतु अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी 1960 च्या दशकातच या गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या होत्या. हुकूम सोडणारे पालक, मनमानी चालू देणारे पालक आणि मायेने वागूनही नियमावर ठाम राहणारे पालक, असे तीन प्रकार त्यांनी मांडले, आणि स्वावलंबन व आत्मसंयम या बाबतींत तिसऱ्या प्रकारच्या घरांतील मुले सरस दिसली. मनमानी चालू देणे त्यांच्या लेखी गुण नव्हताच. बॉमरिंड स्वतः क्वचित दिलेल्या हलक्या चापटीच्या सरसकट विरोधात नव्हत्या, आणि त्यामुळे ठामपणाविषयीचे त्यांचे म्हणणे कोणाला एकांगी म्हणता येणार नाही.

ठाम सौम्यपणा प्रत्यक्षात कसा दिसतो? मूल भिंतीवर रंगवते. खडू काढून घेतला जातो, ‘कागदावर रंगवायचे’ एवढे एक वाक्य सांगितले जाते, पुसायला फडके हातात दिले जाते आणि त्या दिवशी खडू परत मिळत नाही. मूल रडते, त्याला रडू दिले जाते, जवळ घेतले जाते, पण खडू मिळत नाही. यात परिणाम आहे, तो चुकीशी जोडलेला आहे आणि लगेच घडतो आहे. फक्त दुखापत आणि अपमान नाही. अपमानाचा उल्लेख मुद्दाम करतो आहे, कारण हात न उचलता दिवसभर टोमणे मारणारे घर सौम्य ठरत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 च्या धोरणपत्रात मारण्याबरोबरच मुलांना लाज वाटेल, त्यांचा पाणउतारा होईल असे बोलणेही टाळायला सांगितले आहे. थोडा वेळ बाजूला बसवण्याला मात्र काही सौम्यतावादी क्रूर ठरवतात, ते मला पटत नाही. शांतपणे, काही मिनिटांपुरते आणि एरवी मायेचा ओलावा असलेल्या घरात केलेला हा उपाय उपयोगी ठरल्याचा पुरावा बऱ्यापैकी आहे.

मारणे थांबले की सगळा समाज बेशिस्त होतो, ही भीती स्वीडनमध्येही होती. त्या देशाने 1979 मध्ये, जगात सर्वांत आधी, मुलांना घरातही मारण्यास कायद्याने मनाई केली आणि ती माहिती दुधाच्या खोक्यांवर छापून घरोघर पोचवली. तेव्हापासून साठाहून अधिक देशांनी तोच मार्ग धरला आहे.

जग कठोर आहे, हे चौथे विधान खरे आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. अपमान आणि नकार सोसण्याची ताकद, वारंवार अपमान सोसून येत नाही. पडल्यावर आधाराला कोणी आहे, या खात्रीतून ती येते. शिवाय खडू न मिळालेल्या मुलाने नकार पचवला आहेच.

उरतो तो व्यवहारी आक्षेप : करून पाहिले, जमले नाही. बहुतेकदा हे प्रयत्न कुठे सोडले जातात, ते पाहण्यासारखे असते. आजवर रडून मिळत आलेली गोष्ट मिळेनाशी झाली, की मूल लगेच गप्प होत नाही. आधी ते अधिक मोठ्याने, अधिक वेळ रडून पाहते, कारण तोच उपाय त्याला ठाऊक असतो. वर्तनशास्त्राला ही तात्पुरती उसळी चांगली परिचित आहे. नेमक्या त्याच दिवशी थकलेले पालक एक तर हवी ती वस्तू देऊन टाकतात, नाही तर हात उचलतात. वस्तू दिली तर मोठ्याने रडण्याला फळ येते हे मूल शिकते, आणि धपाट्याने आवाज बंद झाला तर धपाट्याला फळ येते हे पालक शिकतात. भूक, झोप किंवा आजारपण यांमुळे आलेले रडणे या हिशोबात धरू नये, तिथे नियमापेक्षा जेवण आणि अंथरूण आधी लागते. एरवी ती उसळी ओसरेपर्यंत घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एकच उत्तर देत राहणे, हा या पद्धतीतला सर्वांत कंटाळवाणा भाग आहे, आणि जमले नाही म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण त्याच्या आधीच थांबलेले असतात.