‘हेवी लायसन्स आहे, मग ट्रेनिंग कशाला?’ या फिरत्या मजकुराला उत्तर

बांधकाम ठेकेदारांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. सारांश असा: हायड्रावाल्याकडे (साइटवर वजन उचलून नेणाऱ्या चाकांच्या क्रेनच्या चालकाकडे) हेवी लायसन्स आणि अनुभव असला की झाले, रिगर (वजन बांधणारा) आणि सिग्नलमन (चालकाला इशारे देणारा) यांचे प्रशिक्षण हा कन्सल्टंट लोकांचा धंदा, ट्रेनिंगपायी काम थांबते, क्रेनमध्ये अलार्म असतोच, आणि आपल्याकडे कायदाही असले काही मागत नाही. यातले एकही विधान टिकत नाही. ते वाचून कोणीतरी उद्या सकाळी सळयांचा बंडल उचलायला लावणार आहे, म्हणून हे लिहितो आहे.

कायद्याचा मुद्दा लवकर संपतो. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याखाली 1998 साली केंद्राचे नियम आले. ज्या यंत्रावर बसवायचे त्याच यंत्राचे पुरेसे कौशल्य आणि प्रशिक्षण चालकाकडे हवे, हे त्यांतच लिहिलेले आहे. 18 वर्षांखालच्या कोणीही क्रेन चालवायची नाही आणि चालकाला इशारेही द्यायचे नाहीत, हेही त्यांतच आहे. म्हणजे मागणी आहे, आणि ती जुनी आहे.

आता लायसन्स. आरटीओ बघते ते रस्त्यावर वाहन चालवता येते का. त्या परीक्षेत लोड चार्ट, म्हणजे क्रेन किती अंतरावर किती वजन उचलू शकते याचा तक्ता, समोर ठेवत नाहीत. 14 टनी हायड्रा 14 टन उचलते ती बूम (क्रेनचा लांब हात) आखूड आणि वजन अगदी जवळ असताना. बूम लांबवली की क्षमता झपाट्याने घसरते, आणि वजन घेऊन गाडी वळवली की आणखी. हे न कळणारा चालक हायवेवर कितीही सफाईदार असो, साइटवर धोकादायकच. अमेरिकेत तर क्रेनचालकाकडे प्रमाणपत्र असणेही पुरेसे धरत नाहीत. 2018 च्या सुधारित नियमानुसार तो त्या यंत्रावर, त्या कामासाठी सक्षम आहे का, हे त्याला कामावर ठेवणाऱ्याने स्वतः तपासून नोंदवावे लागते.

पण या मजकुरातली सगळ्यात घातक गोष्ट वेगळीच आहे: वजन चालक उचलतो, बाकीचे फक्त हातभार लावतात, ही समजूत. वजन बांधतो कोण? बहुतेक साइटवर जो हेल्पर रिकामा असेल तो.

2 टनांचे वजन दोन पायांच्या स्लिंगने (वजन हुकला टांगायचा दोर, साखळी किंवा बेल्ट) उचलायचे आहे असे धरा. दोन्ही पाय सरळ उभे असतील तर प्रत्येकावर 1 टन येतो. आडव्या रेषेशी कोन 45 अंश झाला की प्रत्येकावर सुमारे 1.4 टन, आणि 30 अंशांवर पूर्ण 2 टन. वजन तेच, क्रेन तीच, पण आखूड स्लिंग वापरली म्हणून तिच्यावरचा ताण दुप्पट झाला. बेल्टची स्लिंग वजनाभोवती फास मारून लावली की त्याची क्षमता सुमारे पाचव्या हिश्शाने घटते. बेल्ट पोलादाच्या धारदार कडेवर टेकला तर कोणताच आकडा कामाचा राहत नाही. हे गणित चालकाला केबिनमधून दिसत नाही. दिसते ते बांधणाऱ्याला, तेही कोणी शिकवले असेल तरच.

मार्च 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये टॉवर क्रेनची उंची वाढवताना एक जड पोलादी कॉलर (क्रेनचा मनोरा इमारतीला जखडणारे कडे) पॉलिस्टर बेल्टांवर टांगली होती. बेल्ट तुटले, कॉलर खाली आली, क्रेन कोसळली आणि 7 जण गेले. त्यांतला एक बेल्ट आधीच झिजलेला होता. त्यानंतर त्या शहराने टॉवर क्रेनच्या रिगिंगचे काम करणाऱ्यांना 30 तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. तो धंदा होता असे म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

अलार्मबद्दल. हा अलार्म वाजवणाऱ्या सेफ लोड इंडिकेटरला बूमची लांबी, कोन आणि हुकवरचे वजन कळते. क्रेनला आधार देणाऱ्या जॅकखालची जमीन कालच भरलेल्या चरावर आहे, शटरिंगच्या रुंद पॅनलवर वारा धरतो आहे, खालून कोणी चालले आहे, यातले त्याला काही कळत नाही. शिवाय तो बायपास करून ठेवलेलाही दिसतो.

अनुभवाला माझा मनापासून मान आहे. जड वजने हाताने हलवण्यात पिढ्यान्‌पिढ्या तरबेज असलेल्या केरळच्या मापिला खलाशांनी 1988 च्या पेरुमण रेल्वे अपघातानंतर तलावात पडलेले रेल्वेचे डबे बाहेर काढायला मदत केली. पण त्यांची परंपरा म्हणजे एकाच मुखियाचा हुकूम, प्रत्येकाची ठरलेली जागा आणि वर्षानुवर्षांची उमेदवारी. तेही प्रशिक्षणच, फक्त प्रमाणपत्राशिवायचे. काल लेबर कॅम्पवर आलेल्या मुलाच्या हातात शॅकल (स्लिंग अडकवायची लोखंडी कडी) देऊन त्याला ‘अनुभव’ म्हणणे हा त्या खलाशांचा अपमान आहे.

ऑगस्ट 2023 मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूरजवळ गर्डर लाँचर (पुलाचे गर्डर जागेवर बसवणारे यंत्र) कोसळून 20 माणसे गेली. तिथे दोष कोणाचा, हे तपासाने ठरवायचे. पण एवढी वजने जिथे हलतात तिथे नियोजन कोणी केले, देखरेख कोणाची, बांधणाऱ्याला कोणी शिकवले, हे विचारणे वाजवीच आहे. ब्रिटनमध्ये 1998 पासून प्रत्येक उचलकामाचे नियोजन सक्षम व्यक्तीनेच करायचे, अशी कायद्याची सक्ती आहे.

राहिला वेळेचा मुद्दा, ‘ट्रेनिंगपायी काम थांबते’. चालकाने इशारे एकाच सिग्नलमनचे घ्यायचे. मात्र ‘थांब’ हा इशारा साइटवरचा कोणीही देऊ शकतो आणि चालकाने तो मानलाच पाहिजे. एवढे नव्या हेल्परला पहिल्या दिवशी हाताने करून दाखवायला दहा मिनिटे लागतात.