निळं कार्ड

आयुष्यभर इमानेइतबारे प्रवास केल्याबद्दल मला आजवर एकच सवलत मिळाली आहे, ती एसटीची. ६५ पूर्ण झाली की अर्धं तिकीट. त्यासाठी फक्त जिवंत राहावं लागतं, तेवढं मी केलं. ७५ नंतर तिकीटच नाही, त्यामुळे पुढच्या बढतीचीही काळजी नाही. किती वर्षं लाल डब्यातून फिरलात, किती वेळा मागच्या सीटवरून टपाला डोकं लागलं, असलं काही महामंडळ विचारत नाही. विचारलं असतं तर मी पन्नाशीतच फुकट फिरायला लागलो असतो.

हे आठवायचं कारण, गेल्या वर्षी आम्ही व्याह्यांबरोबर क्रूझला गेलो.

आमची मुलगी फ्लोरिडात दिली आहे. व्याही चाळीस वर्षांपूर्वी इंजिनिअर म्हणून तिकडे गेले, निवृत्त झाले आणि जे जहाजावर चढले ते अजून पुरते उतरलेले नाहीत. फोर्ट लॉडरडेलचं बंदर त्यांच्या घरापासून दीड तासावर. आपल्याकडे माणसं संध्याकाळी पाय मोकळे करायला सारसबागेत जातात, तसे हे दोघं कॅरिबियन समुद्रात जाऊन येतात. "आलाच आहात तर सात रात्रींची एक करून टाकू," असं व्याही सत्यनारायण घालण्याच्या सुरात म्हणाले. मी हो म्हटलं. मुलीकडचा माणूस आणखी काय म्हणणार?

जहाज कंपनीचं नाव लिहीत नाही. जावई हे वाचतात.

बंदरावर पोचलो आणि पाच मिनिटांत आमची ताटातूट झाली. व्याही आणि विहीणबाई एका मोकळ्या गालिच्यावरून निघाले, आम्हा नवराबायकोला दोरखंडांच्या नागमोडी रांगेत सोडण्यात आलं. तिरुपतीची आठवण झाली, फक्त इथे लाडू आधी की दर्शन आधी ते कळेना. "तुम्ही या सावकाश, आम्ही पुढे जाऊन जेवायची जागा धरतो," असं विहीणबाई गालिच्यावरून म्हणाल्या. लग्नात यांच्यासाठी मी कार्यालयात वेगळी खोली, वेगळी पंगत आणि पहाटे पाचला वेगळं गरम पाणी, सगळं चोख ठेवलं होतं. तोच मान आता कंपनी ठेवत होती, आणि मी अजूनही मुलीकडचाच होतो.

जहाजावर एक कार्ड देतात. तीच खोलीची किल्ली, तेच पाकीट, तीच ओळख. आमची निळी होती. व्याह्यांचं काळं, सोनेरी काठाचं, पैठणीसारखं. निळं म्हणजे पहिल्यांदा आलेला. ते गळ्यात अडकवून फिरायचं असतं, म्हणजे समोरच्याला तुमच्याशी किती हसायचं ते लांबूनच ठरवता येतं.

पहिल्या रात्री जेवताना व्याह्यांनी आमची शिकवणी घेतली. जहाजावर काढलेली एक रात्र म्हणजे एक गुण, आणि गुण वाढतील तशी पायरी वरची. स्वतःच्या कंपनीचं तर झालंच, पण शेजारच्या कंपन्यांच्या उतरंडीही त्यांना तोंडपाठ. "आता रॉयल कॅरिबियनचं बघा. ३ गुणांना गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल."

"म्हणजे सोनं सगळ्यात खाली?" आमच्या हिने विचारलं. सोन्याचा भाव इतका पडलेला तिने जन्मात पाहिला नव्हता.

"हो. आणि स्वीट, म्हणजे मोठी आलिशान खोली घेतली तर रात्रीला दुप्पट. एकट्याने खोली घेऊन दोघांचं भाडं भरलं, तरी दुप्पट."

"एकट्याने?"

"एकट्याने. आणि एका पत्त्यावर राहणाऱ्या नवराबायकोत ज्याचे जास्त, तेच दुसऱ्यालाही धरतात."

ही दोन घास थांबली. कुठल्याही योजनेतली पळवाट तिला आयकर खात्याच्या आधी सापडते. "म्हणजे हे एकटे दुप्पट गुण मिळवत फिरणार, आणि मी पुण्यात घरी बसून डायमंड होणार?" तिने माझ्याकडे इतक्या कौतुकाने लग्नानंतर प्रथमच पाहिलं.

मी मनात गणित मांडलं. वर्षाला सात रात्रींची एक फेरी, तर ७०० गुणांना शंभर वर्षं. आज मी ६६ चा. १६६ व्या वर्षी पिनॅकल होईन तेव्हा गालिच्यावरून मला उचलूनच न्यावं लागेल. पण अशी माणसं खरोखरच आहेत. मारिओ साल्सेडो नावाचे गृहस्थ नोकरी सोडून १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ जहाजावरच राहतात. त्यांना सगळे सुपर मारिओ म्हणतात, आणि इतकी वर्षं समुद्रावर काढल्यामुळे आता त्यांचा जमिनीवर आल्यावर झोक जातो, असं ते स्वतः सांगतात. व्याही ही हकीकत ज्या आवाजात सांगत होते, त्या आवाजात आमच्याकडे संतांच्या गोष्टी सांगतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाउंज. काळ्या कार्डवाल्यांसाठी बाराव्या मजल्यावर एक खास दालन असतं. तिथे कॉफीचं यंत्र, चीजचे तुकडे आणि साडेपाच ते आठ फुकट पेयं. आम्ही सहज मागोमाग गेलो, तर दारातल्या मुलीने माझं कार्ड पाहिलं आणि अतिशय गोड हसून सांगितलं, की निळं चालत नाही. मग आम्ही दोघं बाहेरच्या सोफ्यावर बसलो. आतून हसण्याचे आवाज येत होते. अर्ध्या तासाने विहीणबाई कागदी रुमालात चार बिस्किटं बांधून घेऊन आल्या. गाभाऱ्यातून प्रसाद आणावा तशी त्यांनी ती हिच्या ओंजळीत ठेवली. "संपल्यावर सांगा हो, अजून आणते."

हिने ती खाल्ली नाहीत. रात्री खोलीत आल्यावर दोन खाल्ली.

आमच्या खोलीची व्यवस्था बघणारा मुलगा निघाला वेंगुर्ल्याचा. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली देश लिहिलेला असतो, म्हणून ओळख पटली. मी मालवणचा म्हटल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी टॉवेलचं माकड न करता खेकडा केला. तो आठ महिन्यांच्या करारावर येतो, घरी दोन महिने जातो, परत येतो. असं नवव्या वर्षी चाललं आहे. मी आपला गुणांच्या नादात हिशेब केला आणि म्हटलं, "अरे, म्हणजे तुझ्या दोन हजार रात्री होतील! तू तर सगळ्यांच्या वर."

"आमका खयचे पॉइंट, काका," तो चादर ताणत म्हणाला. "आमका घराक जावची तारीख."

तिसऱ्या दिवशी धुण्याचं प्रकरण झालं. वरच्या पायरीवरच्या लोकांना कपडे फुकट धुऊन, इस्त्री करून मिळतात. कपाटात कागदी पिशवी असते, तिच्यात मावेल तेवढं. निळ्यांनी धुवायला टाकलं तर बनियनलासुद्धा डॉलर मोजावे लागतात. व्याही उदार मनाने म्हणाले, "आमच्या पिशवीत टाका हो." मग चौघांचे कपडे त्या एका पिशवीत बसवायचा समारंभ झाला. विहीणबाईंनी पिशवी धरली, व्याह्यांनी गुडघा लावला, आणि मी माझा लेंगा सुरळी करून कोपऱ्यात सारला. सोबतच्या फॉर्मवर लेंग्याचा रकाना नव्हता. व्याह्यांनी थोडा विचार करून तो "ट्राउझर्स" मध्ये घातला.

कपडे दोन दिवसांनी परत आले. लेंगा हँगरवर, पातळ कागदात गुंडाळलेला. त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मधोमध धारदार घडी पडली होती. नाडी मात्र गायब. वेंगुर्ल्याचा मुलगा म्हणाला, "मशिनीत अडाकता म्हणान काढतत." काढतात ते ठीक. परत घालायची पद्धत कॅरिबियनमध्ये नाही.

आणि त्याच संध्याकाळी मोठा सोहळा होता.

हा सोहळा म्हणजे जुन्या प्रवाशांचा सत्कार. व्याह्यांनी खटपट करून आमच्यासाठी पाहुण्यांची आमंत्रणं मिळवली होती. त्या दिवशी फॉर्मल नाईट. बाप्ये कोट-टायमध्ये, बाया लांब झग्यांत. मी झब्बा-लेंगा आणला होता तो खास याच दिवसासाठी. खोलीभर शोधलं, ना दोरी, ना सेफ्टी पिन. पडद्याच्या दोरीकडे मी पाहिलं, पण ही नको म्हणाली. शेवटी व्याह्यांनी आपल्या गळपट्ट्यावरची एक पिन काढून दिली. पाचव्या पायरीला पोचल्यावर कंपनीने दिलेली, वर सोनेरी नांगर. "सांभाळून हं," ते म्हणाले. पिनेविषयी म्हणाले. मी लेंग्याची चुणी घेऊन कमरेला ती खुपसली आणि नांगर टाकलेल्या गलबतासारखा, अजिबात न हलता, सभागृहात गेलो.

आत शॅम्पेनच्या उथळ पेल्यांचा मनोरा रचला होता. वरच्या पेल्यात ओतायचं, ते पाझरत खालपर्यंत येतं. सरकारी योजनांसारखंच, फक्त इथे ते खरंच खालपर्यंत पोचलं. मग कप्तान आला. इटालियन, देखणा. त्याने माइक हातात घेऊन पहिलाच विनोद केला, "मी इथे आहे, मग जहाज कोण चालवतंय?" सभागृह हसून लोटपोट. व्याही डोळे पुसत होते. नंतर कळलं की हा विनोद प्रत्येक जहाजावर प्रत्येक कप्तान करतो आणि व्याह्यांनी तो साठएक वेळा ऐकला आहे. कीर्तनात ठरलेल्या जागी टाळी पडते, तसंच हे.

पुढे खालून वर एकेका पायरीच्या लोकांना उभं राहायला सांगितलं. "पहिल्यांदाच आलेले कुणी आहेत?" असं विचारल्यावर ही टुणकन उभी राहिली आणि मला हाताने ओढू लागली. मी दोन्ही हात कमरेवर दाबून जितका उठता येईल तितका उठलो. लोकांना वाटलं हा भारतीय नमस्काराचा प्रकार असावा. समोरच्या टेबलावरच्या एका म्हातारीने तसेच कमरेवर हात ठेवून मला उलट अभिवादन केलं.

सगळ्यात शेवटी त्या फेरीतले सर्वाधिक प्रवास केलेले तीन जण व्यासपीठावर. पहिल्या आल्या त्या नव्वदीच्या आजी, नवरा गेल्यापासून एकट्याच फिरतात. त्यांच्या हजाराच्या वर रात्री झालेल्या. कप्तानाने गुच्छ दिला, फोटो निघाला, आणि मग तो खाली उतरून दुसऱ्यांशी बोलायला गेला. आजी गुच्छ धरून थोडा वेळ तिथेच उभ्या होत्या. कुणीतरी त्यांना पायऱ्या उतरवल्या.

समारंभानंतर मात्र मला खरी गंमत कळली. व्याह्यांच्या टेबलावर आठ काळी कार्डं जमली आणि तक्रारी सुरू झाल्या. पूर्वी उशीवर रोज चॉकलेट ठेवायचे, बंद केलं. पूर्वी मध्यरात्री जेवणाची आरास मांडायचे, बर्फाचे हंस असायचे, तीही बंद. आता लाउंजमध्ये पाय ठेवायला जागा नसते, कारण ज्याला त्याला काळं कार्ड. वरच्या पायरीवर पोचलेल्या माणसाचं एकच दुःख असतं, की जिना अजून उघडाच आहे. हे मी जन्मभर ऐकत आलो आहे. आमच्या पर्वतीच्या पायथ्याला पेन्शनरांचा कट्टा आहे, तिथे फक्त चॉकलेटच्या जागी महागाई भत्ता असतो.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आमच्या रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली, अजून दिली नाही. पुरुषांना ४० टक्के होती, बायकांना ५०."

टेबल गप्प झालं. व्याह्यांनी इंग्रजीत समजावून सांगितलं. ओहायोच्या एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चाळीस टक्के!" ते म्हणाले, आणि स्वतःच्या वाटणीचं फुकट पेय माझ्यापुढे सरकवलं. त्या रात्री तासभर मला कुणी कार्डाचा रंग विचारला नाही.

एक सांगायचं राहिलं, ग्रँड केमन. तिथे जॉर्ज टाउनला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, समुद्रात उभी राहतात आणि माणसांना छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. काळी कार्डं पहिल्या होडीत, निळी चिठ्ठ्या घेऊन मागे. व्याह्यांना हा फार मोठा मान वाटतो. मला आजोबा आठवले. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला जायचे, डेकवर पथारी टाकून. मालवणलाही बोट समुद्रातच उभी राहायची आणि अंधारात पडाव, म्हणजे छोट्या होड्या, यायचे. मुलं, ट्रंका, कोंबड्या, सगळं वरून खाली झेलायचे. पहिला पडाव कुणाचा? ज्याचा आवाज मोठा त्याचा. आजोबांनी आयुष्यभर त्या कंपनीची बोट सोडली नाही. दुसरी गाडीवाटच नव्हती. त्यांना कुणी नांगराची पिन दिल्याचं ऐकिवात नाही.

उतरायच्या दिवशी विहीणबाईंनी हिला सामानाला लावायचा चामडी बिल्ला दिला, कंपनीचा, त्यांच्याकडे असे अकरा आहेत. सोबत नारळ नव्हता एवढंच, बाकी देण्याची तऱ्हा संक्रांतीच्या वाणाचीच. पिन मी परत केली. व्याह्यांनी ती उजेडात धरून पाहिली आणि रुमालाने दोनदा पुसली.

परत आल्यावर महिन्याभराने कोल्हापूरला निघालो होतो. स्वारगेटला गाडी सुटली, कंडक्टर आला. मी ऐटीत "एक ज्येष्ठ, कोल्हापूर" म्हणत पाकिटातून कार्ड काढून पुढे केलं. त्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं, वरचं जहाजाचं चित्र पाहिलं, आणि परत माझ्या हातात ठेवलं.

"आजोबा, हे निळं चालत नाही. आधार काढा."